घरच्या रियाजाला साथ कोणाची?



आजचा विषय ऐकायला अगदी छोटा आहे. घरी एकट्यानं बेस गिटारचा सराव करायचा असेल, तर सोबतीला वाजणारं संगीत आणायचं कुठून? मी फौजेतून निवृत्त झालेला माणूस, म्हैसूरला देवराज मोहल्ल्यात राहतो, आणि साठी उलटल्यावर ही चार तारांची गिटार हातात घेतली आहे. त्यामुळे हा प्रश्न माझा रोजचा. पण या मालिकेत आपण इतिहासाबद्दल बोलतो, म्हणून त्या प्रश्नाच्या मागे मागे जात राहिलो. तर त्याच्या पोटात दोनशे वर्षं निघाली. त्यात मिरज आहे, बडोदा आहे, मुंबईचे स्टुडिओ आहेत, जपान आणि अमेरिका आहे. आणि साथीवर पोट भरणाऱ्या माणसांचं काय झालं, हाही प्रश्न त्यात आहे. तोच मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

आधी बेस म्हणजे काय

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. साध्या गिटारला सहा तारा असतात, बेसला सहसा चार, आणि त्या जाडजूड. सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनं करते. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून तो स्वर धड ऐकूही येत नाही. गाणं ऐकताना बेस कोणीतरी वाजवतंय हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तो थांबला, की मात्र गाण्याखालची जमीन गेल्यासारखं वाटतं.

१९५१ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. त्याआधी हे काम माणसापेक्षा उंच अशा डबल बेसकडे होतं. तो गाडीत मावत नसे, आणि ड्रम-ट्रंपेटच्या गलक्यात ऐकू येत नसे. फेंडर यांच्या वाद्याला सतारीसारखे पडदे होते, त्यामुळे बोट ठेवलं की स्वर नेमक्या जागी लागे. 'प्रिसिजन' हे नाव त्यावरूनच.

मी हे वाद्य पहिल्यांदा नीट ऐकलं ते ऑफिसर्स मेसमध्ये. सकाळी परेडवर वाजवणाऱ्या रेजिमेंटच्या बँडमधलेच काही जवान संध्याकाळी पार्टीला गिटार आणि ड्रम घेऊन बसत. सगळे त्याला 'जॅझ बँड' म्हणत. त्यातला बेसवाला नेहमी मागे, ड्रमच्या शेजारी. त्याची नजर ड्रमरच्या पायावर आणि कान गाणाऱ्याकडे.

ती जागा योगायोगानं ठरलेली नाही. बेसवाला ताल आणि स्वर यांच्यामधला सांधा असतो. समजा कोणी पेटीवर सा-ग-प हे तीन स्वर एकत्र धरून ठेवले आहेत. खाली बेसनं सा वाजवला, तर तो मेळ प्रसन्न वाटतो. पेटीवरचं बोटही न हलवता बेसनं खाली धैवत वाजवला, तर तोच मेळ एकदम उदास होतो. पेटीवाल्यानं काहीच बदललं नाही. खालच्या माणसानं अर्थ बदलला. आता विचार करा, असं वाद्य घेऊन माणूस खोलीत एकटाच बसला, तर तो अर्थ बदलणार कशाचा? सतारवादक एकटा बसला तरी राग उभा करतो. बेसवाला एकटा बसला, की वरचा मजला नसलेला पाया. म्हणून त्याला सोबत लागतेच.

तंबोरा आणि लेहरा

ही गरज आपल्याकडे फार जुनी आहे, आणि तिची दोन उत्तरंही जुनी आहेत.

पहिलं उत्तर तंबोरा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिरजेत फरीदसाहेब सतारमेकर यांनी वाद्यं बनवायला सुरुवात केली. हे घराणं मूळचं शिकलगारांचं, म्हणजे हत्यारं घडवणारं आणि त्यांना धार लावणारं. संस्थानांच्या फौजा आटल्या, हत्यारांची मागणी घटली, आणि ते हात भोपळ्याकडे आणि तारांकडे वळले. फौजी माणसाला ही गोष्ट विशेष भावते. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याच मिरजेत स्थायिक झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. त्यांचं म्हैसूर दरबारात येणंजाणं होतं. दक्षिणेचं आणि महाराष्ट्राचं गाणं एकमेकांना भेटायचं ते अशाच माणसांच्या प्रवासातून.

तंबोऱ्याच्या चार तारांपैकी शेवटची खर्जाची. गवई पहाटे खर्जाचा रियाज करतात, तेव्हा त्या तारेत आवाज मिसळेपर्यंत थांबतात. पण तंबोरा तालात वाजत नाही. तो सुराची जमीन देतो, वेळेचं माप देत नाही.

वेळेचं माप देणारं दुसरं उत्तर म्हणजे लेहरा, किंवा नगमा. तबलजी एकटा वाजवायला बसला, की सारंगीवर किंवा पेटीवर एक छोटी धून सुरू होते. बरोबर एका आवर्तनाची. तीच पुन्हा, तीच पुन्हा, तासभर. तबलजी कायदे, तुकडे, परण घेऊन कितीही लांब गेला तरी त्या धुनेवरून त्याला कळतं की आपण सोळा मात्रांमध्ये कुठे आहोत आणि समेला परत कधी यायचं. इंग्रजीत आज ज्याला 'बॅकिंग ट्रॅक' म्हणतात, त्याचं काम आपल्याकडे लेहरा कितीतरी आधीपासून करत आला आहे.

फरक एकच. लेहरा धरायला माणूस लागायचा. बहुधा एखादा शिष्य किंवा घरातलाच कोणी. त्याला कंटाळा येई, भाता मारून हात भरून येई. पण तो ऐकत असे. तबलजी चुकला तर त्याच्या भुवया उंचावत, जमलं तर तोंडून 'वाह' निघे. या माणसाला लक्षात ठेवा. पुढची सगळी कथा त्याची जागा घेण्याची आहे.

शिकणारा घरी आला

माझ्या घराजवळ देवराज मार्केट आहे, आणि त्याला लागून जाणाऱ्या रस्त्याचं नाव सयाजीराव रोड. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचं नाव. या दोन संस्थानांना जोडणारा एक संगीतकारही होता, मौलाबक्ष. ते म्हैसूरला आले, इथे कर्नाटक संगीत शिकले, दरबारात मान मिळवला, आणि पुढे १८८६ मध्ये बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयानं त्यांनी गायनशाळा सुरू केली. तिथे ते स्वरलिपी वापरून शिकवत. पुढे १९०१ साली विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि ही वाट रुंद झाली.

याचा आपल्या विषयाशी काय संबंध? गुरूच्या घरी राहून शिकणारा शिष्य कधी एकटा नसे. समोर गुरू, शेजारी गुरुबंधू, तंबोऱ्यावर कोणीतरी. शाळा आली, स्वरलिपी आली, तशी वही बगलेत मारून विद्यार्थी संध्याकाळी आपल्या घरी जाऊ लागला. संगीत सर्वांसाठी खुलं झालं, हे फार मोठं काम झालं. पण रियाज आता चार भिंतींत, एकट्यानं करायचा होता. साथ कोणाची, हा प्रश्न मध्यमवर्गीय घरात शिरला तो इथून.

युरोपातही तसंच घडत होतं. तिथे घरोघरी पियानो आले होते. १८१५ साली योहान मेल्झेल यांनी मेट्रोनोमचं पेटंट घेतलं. मूळ कल्पना ॲम्स्टरडॅमच्या विंकेल यांची. लंबक हलतो, टक् टक् आवाज येतो, वेग हवा तसा ठरवता येतो. बेथोव्हेननं आपल्या रचनांवर मेट्रोनोमचे आकडे लिहिले. फौजेत आम्हाला हा हिशेब पायांनी शिकवतात. 'तेज चल' म्हणजे मिनिटाला १२० पावलं. ती लय वर्षानुवर्षं अंगात इतकी मुरते, की आजही मेट्रोनोम १२०वर लावला की माझा डावा पाय आपोआप उचलला जातो.

आमच्याच मोहल्ल्यातल्या जगन्मोहन पॅलेसमध्ये एक फ्रेंच घड्याळ आहे. त्यात तास भरला की छोट्या सैनिकांचं संचलन निघतं. मुलांना ते फार आवडतं. कोणी पाहायला असो वा नसो, ते सैनिक आपली फेरी पूर्ण करतात. मेट्रोनोम हा त्याच जातीचा सोबती. शिस्त शिकवतो, पण समोर कोण आहे याची त्याला खबर नसते.

एक वाद्य वजा

ध्वनिमुद्रण आल्यावर सोबतीला अख्खा वाद्यवृंद घरात आणता येऊ लागला. अडचण एवढीच, की आपण जे वाजवणार ते रेकॉर्डवर आधीच कोणीतरी आपल्यापेक्षा उत्तम वाजवून ठेवलेलं असे.

यावरचा उपाय १९५० साली न्यूयॉर्कमध्ये अर्विंग क्रॅट्का यांनी काढला. कंपनीचं नावच 'म्युझिक मायनस वन'. शूबर्टच्या 'ट्राउट' पंचवादनात पाच वादक असतात. त्यांनी ते दर वेळी एक वादक वगळून मुद्रित केलं. व्हायोलिनवाल्यानं व्हायोलिन नसलेली तबकडी घ्यावी, पियानोवाल्यानं पियानो नसलेली. त्या पाचांत डबल बेसही होता. म्हणजे खर्जवाल्याचीही सोय झाली. आज आपले हौशी गायक 'मायनस ट्रॅक' म्हणतात, तो शब्द याच हिशेबाचा.

१९६७ मध्ये इंडियाना राज्यातल्या जेमी एबरसोल्ड यांनी जॅझ शिकणाऱ्यांसाठी अशाच तबकड्यांची मालिका सुरू केली. त्यात पियानो, बेस आणि ड्रम वाजत, वरची धून आपण वाजवायची. पण त्यांनी एक युक्ती केली. स्टिरिओच्या एका बाजूला बेस आणि ड्रम, दुसऱ्या बाजूला पियानो आणि ड्रम. बॅलन्सचं बटण एका टोकाला फिरवलं की बेस गायब. मग बेसवाल्यानं तिथे बसावं. एवढ्याशा बटणानं कित्येक बेसवादक घरच्या घरी तयार झाले.

तिसरा माणूस जपानचा. कोबे शहरात दाइसुके इनोऊए बारमध्ये ग्राहकांच्या गाण्याला साथ करत. एका उद्योजकाला सहलीत गायचं होतं, आणि साथीला इनोऊएच हवे होते. त्यांना जाणं जमेना. म्हणून त्यांनी साथ टेपवर भरून दिली. पुढे १९७१ मध्ये त्यांनी नाणं टाकून चालणारं यंत्र बनवलं. तेच कराओके. 'कारा' म्हणजे रिकामा, 'ओके' म्हणजे ऑर्केस्ट्रा. साथीदारानं स्वतःच्या गैरहजेरीची सोय केली, आणि ती सोय जगभर पसरली.

साथीदारांची अडचण

इथून कथेला दुसरी बाजू येते. १९५९ साली अमेरिकेत वुर्लिट्झर कंपनीनं 'साइडमन' नावाचं ताल वाजवणारं यंत्र आणलं. घरात ऑर्गन वाजवणाऱ्याला सोबत व्हावी, हा हेतू. वादकांच्या संघटनेनं विरोध केला, कारण हॉटेलवाले ड्रमरऐवजी तेच यंत्र ठेवतील अशी भीती होती. ती भीती अनाठायी नव्हती.

आपल्याकडे १९७९च्या सुमारास बंगळुरूमध्ये जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला. ते हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये काम केलेले अभियंते आणि स्वतः बासरीवादक. त्यांच्या 'राडेल' कंपनीनं पुढे तबल्याचं यंत्रही आणलं. परगावी नोकरी करणाऱ्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, अमेरिकेत मुलांना गाणं शिकवणाऱ्या असंख्य कुटुंबांचा रियाज या डब्यांमुळे टिकला. हे उपकार मोठे आहेत. पण मैफलीत मागे बसून तंबोरा छेडणारा, कानावर गाणं घेत घेत तयार होणारा शिष्य त्यामुळे कमी झाला, हेही तितकंच खरं.

बेसच्या बाबतीत तर नियतीनं फारच कमाल केली. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याहून आलेल्या वादकांनी पाश्चात्त्य वाद्यांची परंपरा उभी केली. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा ही नावं तुम्ही ऐकली असतील. राहुलदेव बर्मन यांच्या चमूत टोनी वाझ बेस गिटार वाजवत. स्टुडिओत गिटार आणि बेस वाजवणारे आणखी एक वादक होते, चरणजित सिंग.

याच काळात जपानच्या रोलँड कंपनीनं 'टीबी-३०३' नावाचं छोटं यंत्र काढलं. टीबी म्हणजे 'ट्रान्झिस्टर बेस'. आखणी तादाओ किकुमोतो यांची. एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवादकाला खाली बेसची सोबत मिळावी, यासाठी ते होतं. म्हणजे आपला आजचा प्रश्न, फक्त उलट बाजूनं. पण त्याचा आवाज बेस गिटारसारखा येईना, आणि त्यात स्वर भरणं महाकठीण. सुमारे दहा हजार नग बनवून १९८४ मध्ये ते बंद पडलं.

चरणजित सिंग यांनी ते यंत्र आणि सोबतीला रोलँडचंच ताल वाजवणारं यंत्र घेऊन १९८२ मध्ये एक तबकडी केली: दहा राग, डिस्कोच्या ठेक्यावर. आयुष्यभर दुसऱ्यांना खर्ज पुरवणाऱ्या माणसानं यंत्राच्या खर्जावर स्वतः राग वाजवले. त्या वेळी कोणी फारसं लक्ष दिलं नाही. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या तरुणांनी तेच टाकून दिलेलं यंत्र वापरून 'ॲसिड हाउस' नावाचं नृत्यसंगीत गाजवलं. २०१० मध्ये चरणजित यांची तबकडी परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे थक्क झाले. २०१५ साली ते मुंबईत वारले. हयातीत दाद मिळाली, एवढं तरी झालं.

मात्र त्याच मुंबईत १९९०च्या दशकापर्यंत मोठे वाद्यवृंद आटत गेले. कीबोर्डवर ताल, बेस, तंतुवाद्यं सगळं एकच माणूस वाजवू लागला. एकट्या माणसाला सोबत म्हणून निघालेल्या यंत्रांनी सोबतीवर जगणाऱ्या माणसांची जागा घेतली. हे कोणी कट करून केलं नाही. प्रत्येक शोध कोणाची तरी खरी अडचण दूर करायलाच लागला होता.

आज काय करावं

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे. १९८३ मध्ये वाद्यांना संगणकाशी बोलण्याची 'मिडी' ही सामाईक भाषा मिळाली. १९९०मध्ये कॅनडातून 'बँड-इन-अ-बॉक्स' आलं: कॉर्ड लिहा, संगणक साथ वाजवेल. २०१९ मध्ये 'डीझर' या फ्रेंच कंपनीनं 'स्प्लीटर' हे साधन सर्वांना मोफत दिलं. ते तयार गाण्यातून आवाज, ड्रम, बेस वेगळे काढतं. क्रॅट्का यांना ज्यासाठी दर वेळी चार वादक बसवावे लागले, ते आज घरातला संगणक काही मिनिटांत करतो, थोडा खरखरीतपणा सोडला तर. 'बेसशिवाय' किंवा 'फक्त ड्रम' असं लिहून शोधलं, तर तयार ट्रॅकही हवे तेवढे सापडतात.

म्हणजे टंचाई राहिलीच नाही. आता प्रश्न निवडीचा. मी तो इतिहासाच्याच क्रमानं सोडवतो.

पहिली दहा मिनिटं फक्त तंबोरा. खालच्या तारेवर एकेक स्वर लांब धरायचा. बोटं सावकाश जागी येतात आणि कान उघडतो.

मग फक्त ड्रमचा ट्रॅक. त्यात स्वर नसल्यानं लपायला जागा नसते. ठोक्याच्या पुढे जातोय की मागे, ते लगेच कळतं. जमू लागलं, की मेट्रोनोमचे ठोके कमी करायचे: चारपैकी दोन, मग आवर्तनात एकच. मधली वेळ आपण सांभाळायची. तबलजी समेची वाट पाहतो, तसंच हे.

त्यानंतर बेस काढलेलं गाणं. ते आधी मूळ बेससकट दहा वेळा ऐकायचं. पूर्वी तबकडीचा वेग कमी केला की सूरही उतरायचा. आता सूर तोच ठेवून वेग कमी करता येतो, त्याचा फायदा घ्यायचा. ऐकायला चांगले हेडफोन हवेत. खर्जाचा आवाज भिंतीतून पलीकडे जातो, त्यामुळे शेजारधर्मही पाळला जातो.

शेवटी स्वतःचं वादन ट्रॅकसकट मुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकायचं. वाजवताना मन ट्रॅकच्या मोठ्या आवाजावर तरंगत असतं. दुसऱ्या दिवशी खरं काय ते कळतं.

एवढं करूनही एक गोष्ट कुठलाच ट्रॅक देत नाही. तो माझ्यासाठी थांबत नाही, आणि मी चांगलं वाजवलं म्हणून खुलतही नाही. बेसवाल्याचं निम्मं काम दुसऱ्याचं ऐकून आपलं बदलणं हे आहे, आणि न बदलणाऱ्या सोबत्यापाशी ते शिकता येत नाही. म्हणून महिन्यातून निदान दोनदा मी माणसाबरोबर वाजवतो. आमच्या गल्लीत पेटी वाजवणारे एक गृहस्थ आहेत. त्यांची लय मेट्रोनोमला मुळीच पसंत पडणार नाही. अंतऱ्यावरून ध्रुवपदावर येताना ते किंचित रेंगाळतात. त्या रेंगाळण्यात त्यांच्या बरोबर थांबायला मला तीन महिने लागले. ते जमलं त्या दिवशी त्यांनी मान वर करून पाहिलं, आणि वाजवतच राहिले.

तुमच्या गावातही असा कोणीतरी असेल. जुना ऑर्केस्ट्रावाला, भजनी मंडळातला पेटीवाला, बँडमधून निवृत्त झालेला ढोलवाला. ट्रॅक जरूर वापरा, रोज वापरा. पण त्या माणसाचं दारही वाजवा. त्यालाही साथ करायला कोणी बोलावलं नसेल, अशी बरीच शक्यता आहे.

पुढच्या भागात आपण लष्करी बँडच्या इतिहासाकडे जाऊ. तोवर एक गृहपाठ: आवडतं एखादं जुनं गाणं हेडफोन लावून ऐका, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त बेसच्या मागे जा. गाणं ओळखीचं असेल, तरी नवं वाटेल.